डग्गा मागच्याच सीटवर का घुमतो?

गेल्या अंकात या सदरात मी ओझरतं लिहिलं होतं, की हल्ली गाडीचा पत्रा कापायच्या आधीच तिच्यातले स्पीकर कुठे बसतील आणि कसे वाजतील हे संगणकावर पाहून घेतात. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक इंदूरची आहेत, थोडी देवास-उज्जैनची. निम्म्या पत्रांत दुकानदारांच्या तक्रारी आहेत, त्या मी सोडवू शकत नाही. राहिलेल्यांतून हे प्रश्न निवडले. मी पीथमपूरला एका वाहन कारखान्यात आवाज आणि कंपनं या विभागात नोकरी करते, तेव्हा माझी उत्तरं त्याच चष्म्यातून येणार, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : ताई, मुलानं माझ्या हॅचबॅकच्या डिकीत सबवूफर बसवून दिला आहे. तबला लावला की मागे बसलेली नातवंडं म्हणतात, "आजोबा, डग्गा पोटात वाजतोय!" मला पुढे मात्र डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. बास वाढवला तर मागचे ओरडतात. दुकानदार म्हणतो, याहून मोठा सबवूफर घ्या. घेऊ का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, सुदामानगर

उत्तर : घेऊ नका. आधी घरातला टेप घेऊन गाडीत जा.

पुढच्या काचेच्या बुडापासून डिकीच्या दारापर्यंतचं अंतर अडीच मीटर धरू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ज्या सुराच्या लहरीची अर्धी लांबी या अडीच मीटरमध्ये नेमकी बसते, तो सूर दोन्ही टोकांवर आपटून परत स्वतःवरच येऊन पडतो आणि गाडीत ठाण मांडून बसतो. पूर्ण लहर पाच मीटरची, म्हणून ३४३ भागिले ५, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झ, सेकंदाला ६९ लहरी. या सुराचा दाब दोन्ही टोकांना सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मधोमध, काचेपासून सव्वा मीटरवर, जवळपास शून्य. आता तुमचं डोकं काचेच्या बुडापासून किती लांब आहे ते मोजा. सीट थोडी मागे सरकवून बसत असाल तर सव्वा मीटरच्या आसपासच भरेल. नातवंडांची डोकी मागच्या टोकाकडे. डग्ग्याचा घुमारा नेमका याच टापूत असतो, त्यामुळे तो त्यांच्या पोटात जातो आणि तुमच्या कानाला वळसा घालतो.

यावर इक्वलायझरची मात्रा चालत नाही. ६९ हर्ट्झला ६ डेसिबल चढवले तर अ‍ॅम्पला चौपट वॅट द्यावे लागतात. मागच्या सीटवर ते सगळे पोचतात. तुमच्या जागी गळक्या हंड्यात पाणी ओतावं तसं, ओतलेलं दिसतं पण साठत काही नाही. मोठा सबवूफर म्हणजे तोच हंडा, नळ तेवढा मोठा.

गाडी बनवताना आम्ही संगणकाकडून पहिली विचारणा हीच करतो. केबिनची आतली पोकळी, सीटा, डॅशबोर्ड, काचा, सगळ्यांचे आकार त्यात असतात. मग प्रत्येक सुराला कुठे दाब साठतो आणि कुठे पोकळी पडते, याचा रंगीत नकाशा निघतो. सबवूफर उचलून दुसरीकडे ठेवायचा तर माऊस हलवायचा, की नवा नकाशा तयार. खऱ्या गाडीत हेच करायचं म्हणजे गालिचा उचला, पत्रा कापा, वायरी ओढा. ट्यूनिंगनं जे दुरुस्त होणार नाही तेवढं आधी हुडकून काढायचं, हा त्या सगळ्या गणिताचा खरा उपयोग. बाकीचं डीएसपीवर, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि वेळ आकड्यांनी बदलणाऱ्या डब्यावर, नंतरही करता येतं.

त्या नकाशावरून एक गोष्ट मात्र तुम्हाला फुकट मिळू शकते. जिथे एखाद्या सुराचा दाब शून्य असतो, तिथे ठेवलेला स्पीकर तो सूर उठवू शकत नाही. म्हणजे सबवूफर डिकीच्या टोकाला न ठेवता गाडीच्या मध्यावर, पुढच्या सीटखाली किंवा सीटमागे जमिनीवर ठेवला, तर हा ६९चा सूर ठाणच मांडत नाही आणि पुढे-मागे बास बऱ्यापैकी सारखा होतो. सीटखालचे चपटे सबवूफर केवळ जागा वाचवायला बनवतात असं लोकांना वाटतं, पण ही जागा ध्वनीच्या हिशेबानंही चांगली आहे. आधी लांब वायर लावून तात्पुरता ठेवून ऐका. त्याआधी, एक पैसाही खर्च न करता, सबवूफरच्या दोन वायरी उलट करून पाहा. दारातले वूफर आणि सबवूफर एकमेकांविरुद्ध ढकलत असतील तर एवढ्यानंही फरक पडतो.

खात्री करायची असेल तर मोबाइलवर सूर काढणारं एखादं अ‍ॅप घ्या, गाडी उभी ठेवून एसी बंद करा आणि ४० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा. एका ठिकाणी तुमच्या सीटवर आवाज खचेल. तिथे थांबून डोकं पुढे स्टिअरिंगकडे न्या, मग मागे वळून मागच्या सीटकडे झुका. नकाशा कानानं दिसेल. आकडा ६९ येईलच असं नाही. छताचा पत्रा, मागची काच, डिकीचं दार या टापूत थोडं थोडं हलतात आणि ऊर्जा खातात. म्हणून खरी पोकळी कागदावरच्या हिशेबापेक्षा उथळ असते आणि थोडी सरकलेलीही. आमच्याकडे नव्यानं येणारी मुलं मॉडेलमध्ये सगळ्या भिंती अगदी ताठ धरतात आणि मग मोजणीचा आलेख जुळत नाही म्हणून माईकला दोष देतात.

प्रश्न : यांनी गाडीत डीएसपी बसवून 'ड्रायव्हर ट्यूनिंग' करून घेतलं. हे म्हणतात, गायक आता बरोबर डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहून गातो. मला शेजारच्या सीटवर सगळं गाणं माझ्या डाव्या दारातून येतंय असं वाटतं, आणि आवाजही पोकळ. हे मला म्हणतात, तुझ्या कानाचा दोष.
— एक संगीत शिक्षिका, राजेंद्रनगर

उत्तर : कान उत्तम आहेत, यजमानांना हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा.

आपल्याकडे चालक उजवीकडे. त्यांच्या कानापासून उजव्या दाराचा स्पीकर समजा ८० सेंटिमीटरवर आणि डावा १ मीटर ४० वर. फरक ६० सेंटिमीटर. म्हणजे डावा आवाज सुमारे पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्हीकडून तोच आवाज आला तर कान जो आधी आला त्याच्या दिशेला गाणं ठेवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली याच विषयावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. फिटरनं उजवा स्पीकर पावणेदोन मिलिसेकंद थांबवून ठेवला, दोन्ही आवाज यजमानांकडे एकदम पोचू लागले आणि गायक मध्ये आला.

तुमच्या सीटवर डावा स्पीकर मुळातच पावणेदोन मिलिसेकंद पुढे होता. आता उजव्याला मुद्दाम थांबवल्यामुळे तो साडेतीन मिलिसेकंद पुढे गेला. गाणं डाव्या दारातून येणारच.

पोकळपणाचं कारणही तिथेच आहे. ६० सेंटिमीटरचा फरक ज्या सुराच्या अर्ध्या लहरीएवढा होतो तिथे डावा-उजवा एकमेकांना खातात. तो सूर सुमारे २८६ हर्ट्झ. उशीर घालण्याआधी दोघांच्याही सीटवर ही पोकळी होती. उशीर घातल्यावर यजमानांची भरली, तुमच्याकडे मात्र फरक दुप्पट झाला आणि पोकळी खाली १४३ हर्ट्झवर आली. तुम्ही संगीत शिकवता म्हणून सांगते: पुरुष गायकानं काळी एक धरली तर त्याचा मध्य षड्ज जवळजवळ १३९ हर्ट्झ. तुमच्या सीटवर गायकाचा षड्जच पातळ झाला आहे. तुम्हाला कळलं नसतं तरच नवल.

उपाय दोन. डॅशबोर्डच्या मध्ये एक छोटा स्पीकर, ज्याच्यापासून दोघंही सारख्याच अंतरावर आहेत. तो बसवता येत नसेल तर उशीर काढून टाका आणि साधारण १४३ ते ४२९ हर्ट्झ या पट्ट्यापुरता डाव्या-उजव्यात अर्ध्या फेरीचा फेजफरक घाला. हे आकडे तुमच्या ६० सेंटिमीटरच्या फरकावरूनच येतात. ऑल-पास फिल्टर हे काम करतात. आवाजाची पातळी बदलत नाही, फक्त वेळेची गुंतागुंत दोन्ही सीटवर सारखी वाटली जाते. दोघांपैकी कुणालाच पूर्ण सुख मिळत नाही, पण षड्ज दोघांनाही मिळतो. फिल्टर नेमका कुठे सुरू आणि कुठे बंद करायचा हे हातानं शोधत बसलात तर दिवस जाईल. मोजलेले आलेख सॉफ्टवेअरमध्ये घालून दोन्ही सीटची बेरीज तिथेच पाहायची, मग एकदाच डीएसपीत भरायचं. आम्हीही असंच करतो.

तोवर 'ड्रायव्हर' आणि 'दोघे' अशी दोन सेटिंग्ज साठवून ठेवायला सांगा. कुणाच्या वेळी कोणतं लावायचं, तो तुमचा घरगुती मामला.

प्रश्न : फोनचा माईक लावून अ‍ॅपनं गाडीचं ट्यूनिंग होतं का?
— लोकमान्यनगर

उत्तर : डावा-उजवा स्पीकर सारखा वाजतो का, एवढं बघायला ठीक. खालचे सूर फोनचा माईक कापतो, कारण तो बोलणं टिपायला बनवलेला असतो. गंभीरपणे करायचं असेल तर कॅलिब्रेशनची फाइल सोबत येणारा यूएसबी माईक घ्या आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. आणि माईक एकाच जागी रोवून मोजू नका. डोक्याच्या जागेभोवती हळूहळू फिरवून सरासरी घ्या, नाहीतर एका बिंदूपुरतं सुंदर ट्यूनिंग होतं आणि मान वळवली की बिघडतं.

प्रश्न : मॅडम, मी इंदूरच्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कारच्या केबिनचं २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं पूर्ण अकौस्टिक सिम्युलेशन करायचं ठरवलंय. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे. होईल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : नाही होणार, आणि का नाही होणार हाच तुझ्या प्रोजेक्टचा पहिला भाग करता येईल.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजे जागेचे छोटे घटक पाडून गणित करायच्या पद्धतीत, एका लहरीच्या लांबीत निदान सहा घटक तरी बसवावे लागतात, नाहीतर लहर तिचा आकारच धरत नाही. ३०० हर्ट्झला लहर १ मीटर १४ सेंटिमीटर, म्हणजे घटक १९ सेंटिमीटरचा चालेल. सीट-स्टिअरिंगचे आकार नीट यावेत म्हणून तू तो तसाही लहान घेशील. काही हजार, फार तर लाखभर घटक. लॅपटॉप सहज करेल. २० किलोहर्ट्झला लहर १७ मिलिमीटर आणि घटक जेमतेम ३ मिलिमीटरचा. तीन घनमीटरच्या केबिनमध्ये असे बाराएक कोटी घटक बसतात. आणि हे एका वारंवारतेचं. तुला शेकडो हवेत.

म्हणून लोक पट्टे पाडतात. खाली फायनाइट एलिमेंट किंवा बाउंडरी एलिमेंट (यात फक्त पृष्ठभागांचे घटक पाडतात), वर किरण सोडून त्यांचा माग काढायची पद्धत. मधली सीमा कुठे? मोठ्या खोल्यांसाठी श्रोडर यांचं सूत्र आहे: निनादकाळ (आवाज विरायला लागणारा वेळ) भागिले घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. गाडीत निनादकाळ ०.०६ सेकंद आणि घनफळ ३ घनमीटर धर. उत्तर २८० हर्ट्झच्या आसपास येतं. त्याच्या लगेच वर किरणपद्धतही अजून खरी नसते, कारण डॅशबोर्ड आणि सीटा लहरीच्याच मापाच्या असतात. हा मधला पट्टा सगळ्यांनाच छळतो, आणि दुर्दैवानं माणसाचं बोलणं नेमकं तिथून सुरू होतं.

माझा सल्ला: ३०० हर्ट्झपर्यंतच कर, पण मोजणीशी जुळवून दाखव. आधी प्लायची चौकोनी पेटी बनव, जिचं उत्तर वहीवर काढता येतं. सॉफ्टवेअरचं उत्तर, वहीतलं उत्तर आणि माईकचं उत्तर, तिन्ही शेजारी मांड. ते जुळले की मगच गाडीकडे जा. कॉलेजकडे कॉमसोल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा परवाना असेल तर ते वापर. नसेल तर जाळी पाडायला जीमेश आणि गणिताला फिनलंडचं एल्मर, दोन्ही फुकट.

तुझा खरा वेळ जाईल तो सीट आणि गालिचा यांचे आकडे मिळवण्यात. फोम किती आवाज खातो हे वारंवारतेगणिक बदलतं, आणि इंटरनेटवरून उचललेला आकडा तुझ्या फोमचा नसतो. इम्पिडन्स ट्यूब, म्हणजे एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला फोमचा तुकडा आणि मध्ये दोन माईक लावलेली नळी, हे तू वर्कशॉपमध्ये स्वतः करू शकतोस. हा उद्योग जुनाच आहे. हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सॅबिन यांना एका व्याख्यानगृहाचा घुमणारा आवाज दुरुस्त करायचं काम दिलं होतं. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंत स्टॉपवॉच धरायचं, असं करत त्यांनी निनादाचं सूत्र बांधलं. ते सूत्र गाडीत मात्र लावू नकोस. तीन घनमीटरच्या, फोमनं भरलेल्या डब्यात त्याची गृहीतकंच टिकत नाहीत. व्हायव्हात परीक्षक हे विचारतील.

आणि ३०० हर्ट्झला थांबलास म्हणून कमी गुण दिले तर त्यांना बारा कोटींचा हिशेब दाखव.

प्रश्न : मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आवाज वेगळा वाटतो. भास की खरं?
— उज्जैन

उत्तर : खरं, पण कारण हवा नाही. ४२ अंशांना आवाजाचा वेग ३५७ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे चार टक्के. वर सांगितलेला ६९चा सूर ७१-७२ होईल, एवढंच. फरक पडतो तो स्पीकरमुळे. कोनभोवतीचं रबर आणि मागची जाळी तापून सैल होतात. शिवाय व्हॉइस कॉइलचं, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याचं, तांबं दर अंशाला सुमारे ०.४ टक्के रोध वाढवतं. मोठ्यानं वाजवून कॉइल दीडशे अंशांनी तापली तर रोध दीडपटीच्या वर जातो आणि आवाज ४ डेसिबलपर्यंत खाली येतो. तुम्ही मग व्हॉल्यूम आणखी वाढवता. पहिली दहा मिनिटं एसी चालू द्या, गाणं हळू ठेवा.

प्रश्न : ताई, मी कार ऑडिओ फिटिंग करतो. बारा इंची सबवूफरच्या कागदावर एफएस ३२, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ४० लिटर असं आहे. बॉक्सचं सॉफ्टवेअर २८ लिटर सांगतं. ग्राहक म्हणतो, भिया, डिकीत पोरांची सायकल पण मावली पाहिजे, १४ लिटरमध्ये बसव. सॉफ्टवेअरचं ऐकू की ग्राहकाचं?
— एक फिटर, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण आकड्यांसकट आलं.

नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचं वागणं या मोजक्या आकड्यांत बसवलं. एफएस म्हणजे कोन स्वतःहून ज्या सुराला डोलतो तो सूर, क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा, आणि व्हीएएस म्हणजे कोनच्या टांगणीइतकी लवचीक हवा किती लिटर. दोघांनी हे काम ऑस्ट्रेलियात केलं. तुमचं सॉफ्टवेअर तेच गणित करतं, आणि बंद बॉक्सचं गणित तुम्हीही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरनी भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा. २८ लिटरला ते १.५६ येतं. त्यानं क्यूटीएसला गुणलं की ०.७०, एफएसला गुणलं की ५० हर्ट्झ. म्हणजे सपाट प्रतिसाद आणि ५०च्या खाली उतार. १४ लिटरला वर्गमूळ १.९६, क्यू ०.८८ आणि ६३ हर्ट्झ. कागदावर हा बॉक्स वाईट दिसतो.

पण सॉफ्टवेअर हे बंद बॉक्स मोकळ्या मैदानात ठेवला आहे असं धरून सांगतं. तुम्ही तो डब्यात ठेवणार आहात. ज्या सुराची अर्धी लहर गाडीत मावत नाही, त्याच्या खाली गाडी लहरीचं ऐकतच नाही. सबवूफर हवा दाबतो आणि सगळ्या केबिनचा दाब एकदम वर-खाली होतो. सूर जितका खाली जाईल तितका हा फायदा वाढतो, सिद्धांतानं दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. बंद बॉक्स उलट त्याच चालीनं, दर सप्तकाला १२ डेसिबल, उतरतो. दोन्ही एकमेकांना बरंच भरून काढतात. प्रत्यक्षात खिडक्यांच्या फटी आणि हलणारा पत्रा यामुळे फायदा कमी मिळतो, तरी मिळतो.

दोन्ही बॉक्सचा हिशेब मी करून पाहिला. ६० हर्ट्झला फरक नगण्य आहे. ३० हर्ट्झला १४ लिटरचा बॉक्स ३ डेसिबल मागे पडतो. ते भरून काढायला अ‍ॅम्पला तिथे दुप्पट वॅट लागतील. अ‍ॅम्पमध्ये जीव असेल तर ग्राहकाचं ऐका, सायकल मावू द्या. मात्र १४ लिटर म्हणजे निव्वळ १४. चुंबक आणि आतले आडवे टेके दोन-अडीच लिटर खातात, ते वर धरा. आत पॉलिफिल (कृत्रिम कापूस) भरा, बॉक्सला थोडा मोठेपणा येतो. आणि कागदावरचे आकडे डोळे झाकून घेऊ नका. एक रोधक, लॅपटॉप आणि मघाचंच 'रूम ईक्यू विझार्ड' एवढ्यात प्रत्यक्ष स्पीकरचे आकडे मोजता येतात. स्वस्त मालात कागद आणि स्पीकर यांची ओळखच नसते.

पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला, बॉक्स १४ लिटरमध्ये करू नका, कितीही आग्रह झाला तरी. एवढ्या लहान बॉक्सला हवा तो सूर मिळवायचा तर पोर्ट अरुंद आणि लांब होतो, त्यातून हवा सेकंदाला १७ मीटरच्या वर पळू लागते आणि फुसफुस ऐकू येते. रंगपंचमीच्या गेरमध्ये, आपल्या रंगांच्या मिरवणुकीत, ती चालून जाते, गाडीत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतली. इंजिन नाही तर गाणं जास्त स्वच्छ ऐकू यायला हवं, पण हायवेवर बास गायब होतो. बिघाड आहे का? आणि तुमच्या पीथमपूरच्या मोठ्या ट्रॅकवर या गोष्टी तपासतात का?
— देवास

उत्तर : बिघाड नाही. इंजिन गेलं, टायर राहिले. डांबराचा खरखराट आणि धडधड बरीचशी खालच्या सुरांत असते आणि त्याच टापूतल्या बासला झाकते. चांगल्या सिस्टीम वेगाप्रमाणे फक्त खालचा भाग उचलतात. सेटिंगमध्ये वेगानुसार व्हॉल्यूम असेल तर चालू करा.

काही गाड्या रस्त्याचा आवाज स्पीकरमधूनच उलट लहर सोडून कमी करतात. हे ऐकायला जादू वाटतं, पण त्याची हद्द ठरलेली आहे. शांततेचा गोळा लहरीच्या साधारण दहाव्या भागाएवढाच असतो: १०० हर्ट्झला ३४ सेंटिमीटर, ३०० हर्ट्झला ११. त्याहून वर गेलं तर डोकं हलवलं की शांतता संपली. म्हणून हे काम खालच्या सुरांपुरतंच करतात, आणि कोणता स्पीकर कुठल्या सीटवर किती पोचतो हे आधी मॉडेलमधून काढतात. तेच मॉडेल गाण्यासाठीही वापरलं जातं. एकाच खर्चात दोन कामं.

नॅट्रॅक्स या पीथमपूरच्या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक मुख्यतः वेगाच्या चाचण्यांचा. तिथे कोणत्या कंपनीनं काय तपासलं हे मी सदरात लिहू शकत नाही, नोकरी जाईल.

प्रश्न : संगणकाला काय कळतंय गाणं! मी उस्ताद अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेला माणूस. गाडीतल्या महागड्या सिस्टीमवर त्यांचा मंद्र लावला तर आवाज दोन तुकड्यांत येतो, अर्धा पायाशी, अर्धा पाठीमागून. यावर तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणतं?
— एक ज्येष्ठ रसिक, स्नेहलतागंज

उत्तर : काका, सॉफ्टवेअर म्हणतं की तुम्ही अगदी बरोबर ऐकलंत.

षड्ज काळी एकला धरला तर मंद्र पंचम येतो १०४ हर्ट्झच्या जवळ आणि मंद्र षड्ज ६९ला. फिटर मंडळी सवयीनं सबवूफर आणि दाराचे वूफर यांची फाळणी (क्रॉसओव्हर) ८० ते १०० हर्ट्झला करतात, त्याखालचं सबवूफरला आणि वरचं दाराला. पाश्चात्य ढंगाच्या गाण्यात तिथे ड्रम आणि बास गिटार असतात, गळा क्वचितच असतो. खाँसाहेबांचा गळा मात्र संथपणे नेमका त्या फाळणीवरून खाली उतरतो. पंचमापर्यंत तो दारातून येतो आणि त्याखाली डिकीतून येऊ लागतो. शिवाय फाळणीच्या ठिकाणी दोन स्पीकरांची वेळ जुळलेली नसेल तर सूर मध्येच बारीक होतो. लिंकविट्झ आणि रायली यांची १९७६ची फाळणी, जी जवळजवळ प्रत्येक डीएसपीत असते, ती हे जुळवण्यासाठीच आहे. पण दोन्ही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर धरून. डिकी आणि दार सारख्या अंतरावर कधीच नसतात, म्हणून आधी उशीर जुळवायचा आणि मगच तिचा उपयोग.

आता सिम्युलेशनबद्दल. मॉडेलमधून नुसते आलेखच निघतात असं नाही. केबिनमधून कानापर्यंतचा मार्ग गणितानं काढून त्यातून कोणतंही ध्वनिमुद्रण गाळता येतं आणि हेडफोनवर ऐकता येतं, गाडी जन्माला यायच्या आधी. मेंडेल क्लाइनर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली या विद्येचा आढावा लिहिला तेव्हापासून ऑरलायझेशन हे नाव रुळलं. बहुतेक ठिकाणी त्यातून पाश्चात्य पॉप आणि जॅझ गाळून ऐकतात. आमच्या विभागात मी हट्टानं तानपुरा आणि विलंबित ख्याल घालते. तानपुऱ्याची खर्जाची तार या कामाला फारशी उपयोगी नाही. तिचा मूळ सूर मुळातच क्षीण असतो आणि कान वरच्या स्वरांवरून तो स्वतःच भरून काढतो, त्यामुळे दोष लपतो. गळा लपवत नाही. जुनं मोनो ध्वनिमुद्रण तर फारच कामाचं: डाव्या-उजव्यात काहीही फरक असेल तर गायक मध्यावरून हलतो, आणि ते तुमच्यासारख्या श्रोत्याला पहिल्या आलापात कळतं.

तुमच्या गाडीसाठी: फाळणी ६० हर्ट्झवर आणायला सांगा, म्हणजे पंचम आणि त्याखालचा बराच मंद्र दारातूनच येईल. त्यासाठी दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं झाकून घ्यावी लागतील, नाहीतर कोनच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो आणि इतक्या खाली काही उरत नाही. सहा इंची वूफरला तिथे मोठ्यानं वाजणं झेपत नाही, पण ख्याल कुणी मोठ्यानं लावत नाही. सबवूफरची पातळी कमी करत करत इतकी आणा, की तो बंद केल्यावरच कळावं की चालू होता. फिटर नाखूश होईल. त्याला हे पान दाखवा.